गरम झाल्यावर मारुती 800 चा स्लो टिकत नाही. कार्बोरेटर बदलावा का?

प्रश्न (जुळे सोलापूर)

नमस्कार. माझ्याकडे 1997 ची कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग असलेली) मारुती 800 आहे. सकाळी चोक (थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारी दांडी) ओढला की गाडी लगेच सुरू होते आणि इंजिन थंड असेपर्यंत व्यवस्थित चालते. मात्र ते गरम होऊन चोक पूर्ण आत ढकलला की स्लो (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालण्याचा वेग) खाली-वर होऊ लागतो आणि सात रस्त्याच्या सिग्नलला ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच गाडी थरथरून बंद पडते. एका गॅरेजमध्ये प्लग नवे टाकून स्लोचा स्क्रू आवळून दिला. त्यामुळे बंद पडणे थांबले, पण उभ्या गाडीत इंजिन आता विनाकारण रेस होते, आणि पीयूसीमध्ये गाडी नापास झाली. तेथे कार्बन मोनॉक्साइड 0.4 टक्के आणि हायड्रोकार्बन 1900 पीपीएम आले आहे. नोंदणीचे नूतनीकरण जवळ आले आहे. कार्बोरेटरच बदला, असा सल्ला मिळतो आहे. तो योग्य आहे का?

उत्तर (विजापूर रोड)

कृपया एवढ्यात कार्बोरेटर बदलू नका. निदानाची अर्धी माहिती आपल्या पीयूसीच्या चिठ्ठीतच आहे. आपल्या गाडीच्या वयाच्या पेट्रोल गाडीला मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आणि हायड्रोकार्बनची 1500 पीपीएम आहे. पेट्रोल जास्त जात असते, तर मोनॉक्साइड वाढले असते; आपल्याकडे ते अगदी कमी असून न जळलेले पेट्रोल मात्र धुराड्यातून बाहेर पडते आहे. याचा अर्थ एक तर पेट्रोल-हवेचे मिश्रण इतके पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे की ते दर वेळी पेट घेत नाही, किंवा ठिणगीत खोट आहे.

या दोहोंतला फरक घरीच कळतो. गाडी पूर्ण गरम करा आणि स्लोवर चालू असताना चोक अगदी थोडा बाहेर ओढा. इंजिन सुधारले, तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे कुठून तरी जादा हवा शिरते आहे किंवा स्लो जेटमध्ये (स्लोला पेट्रोल देणाऱ्या बारीक छिद्रात) कचरा आहे. काहीच फरक पडला नाही, तर प्लगच्या वायरी, प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे झाकण आणि ठिणगीचे टायमिंग तपासावे. सकाळी गाडी चांगली चालते तीही बहुधा यामुळेच, कारण चोकचे जादा पेट्रोल ही उणीव झाकून टाकते.

हवा कुठून शिरते हे शोधायला स्प्रेच्या बाटलीत साधे पाणी घ्या आणि कार्बोरेटरचा तळ, मॅनिफोल्डचे (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळीचे) पॅकिंग व व्हॅक्यूमच्या प्रत्येक पाइपचे टोक यांवर थोडे थोडे मारा. डिस्ट्रिब्युटर आणि वायरींपासून ते लांब ठेवा. जिथे पाणी पडताच इंजिनाचा आवाज बदलेल, तिथे फट आहे. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या इंजिनावर ते कधीही करू नये, आग लागते. फट बंद झाल्याखेरीज स्क्रूला हात लावण्यात अर्थ नाही, कारण स्लोचा स्क्रू आवळून फक्त थ्रॉटल (हवेचा पडदा) जास्त उघडा राहतो आणि दोष तसाच राहतो.

उत्तर (होटगी रोड)

वरील मताशी मी सहमत आहे. फक्त कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधील जाड इन्सुलेटर जागेवर आहे ना, हे आवर्जून पाहावे. मॅनिफोल्डची उष्णता वर चढू नये म्हणून तो असतो, आणि कार्बोरेटर खोलल्यावर त्याच्या जागी नुसते कागदी पॅकिंग टाकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार गेला की अशा गाडीतील पेट्रोल दुपारी बंद केल्यावर कार्बोरेटरमध्येच उकळते आणि थोड्या वेळाने ती सुरू व्हायला त्रास देते. हा त्रास आपल्या तक्रारीहून वेगळा असला, तरी दोन्हींचे मूळ त्याच जागी असू शकते.

उत्तर (अक्कलकोट रोड)

हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, हेही लक्षात घ्यावे. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला मात्र सुमारे 9 पटच. नव्या गाडीत ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे पेट्रोलचे प्रमाण सावरले जाते, कार्बोरेटरला ते जमत नाही. त्यामुळे पूर्वी बरोबर बसवलेले मिश्रण आज थोडे पातळ पडते. जुन्या रबरी पेट्रोल पाइपांनाही इथेनॉल सोसत नाही, म्हणून त्या कडक झाल्या किंवा फुगल्या असतील तर बदलून घ्याव्यात.

प्रश्नकर्ते (जुळे सोलापूर)

सर्वांचे मनापासून आभार. चोक किंचित ओढताच इंजिन एकदम शांत झाले, आणि कार्बोरेटरच्या तळाशी मागच्या बाजूला पाणी मारल्यावर आवाज लगेच बदलला. ओळखीच्या मिस्त्रींकडून कार्बोरेटर उतरवून घेतला, तेव्हा खाली खरोखरच कागदी पॅकिंग निघाले. पुढच्या बाजूला त्यावर धातूचा दाब स्वच्छ उमटला होता, मागे मात्र दाब नव्हता आणि कडा काळी पडली होती. मागचा नटही ढिला होता. नवा इन्सुलेटर व पॅकिंग बसवून नट सारखे आवळले आहेत.

आता मिक्स्चर (मिश्रण ठरवणारा) आणि स्लो हे दोन्ही स्क्रू कोणत्या क्रमाने बसवावेत?

उत्तर (विजापूर रोड)

इंजिन गरम आणि चोक पूर्ण आत असताना आधी स्लोचा स्क्रू ढिला करून इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला 850 ते 900 वर आणा. मग इंजिन सर्वांत वेगाने आणि एकसारखे चालेल तिथपर्यंत मिक्स्चरचा स्क्रू हळूहळू फिरवा, आणि त्यामुळे वाढलेल्या फेऱ्या स्लोच्या स्क्रूने पुन्हा खाली घ्या. मिक्स्चरचा स्क्रू आत नेताना कधीही जोर लावू नका, त्याचे सुईसारखे टोक दबले की तो पुन्हा नीट बसत नाही. या गाडीत फेऱ्यांचा काटा नाही, तेव्हा प्लगच्या वायरीला अडकवायचा मीटर मिस्त्रींकडून घ्या आणि पीयूसीला जाताना गाडी गरम ठेवा.