‘व्यसनी’, ‘व्यसनाधीन’ की आणखी काही? कुमारवयीनांसाठी योग्य शब्द कोणता?

प्रश्न : व्यसनोपचार केंद्रांतील समुपदेशक आणि परिचारिका यांच्यासाठीच्या एका पुस्तिकेचे मराठीकरण करताना एका शब्दाशी अडलो आहे. दारू, गांजा किंवा तंबाखूच्या सेवनामुळे अडचणीत आलेल्या १३ ते १९ वर्षांच्या मुलामुलींच्या अवस्थेला काय म्हणावे? ‘व्यसनाधीनता’ रूढ आहे खरी, परंतु यांपैकी अनेक मुले ‘अधीन’ होण्याच्या टप्प्यापर्यंत पोहोचलेलीच नाहीत. कर्मचारी या मुलांकडे कसे पाहतात, हाच पुस्तिकेचा विषय असल्यामुळे शब्दाची छटा चुकून चालणार नाही.

उत्तर १ : आधी आपल्या क्रियापदांकडे पाहावे. मराठीत व्यसन ‘लागते’ किंवा ‘जडते’. तहान लागावी, वेड लागावे, नाद लागावा, तशीच ही रचना आहे आणि तिच्यात माणूस कर्ता नसतो. त्याला काहीतरी येऊन चिकटलेले असते. अलीकडे मात्र ‘तो व्यसन करतो’ असे सर्रास लिहिले जाते आणि त्यासरशी सगळा भार त्या मुलावर जातो. ‘व्यसनी’ हे विशेषण तर त्याहून पुढे जाऊन ती गोष्ट त्याचा स्वभावच ठरवते. संस्कृतात व्यसन म्हणजे संकट, असाही अर्थ आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण राज्यावर येणाऱ्या व्यसनांविषयीच आहे आणि तेथे ‘श्रेयापासून (म्हणजे कल्याणापासून) जे दूर फेकते ते व्यसन’ अशी व्युत्पत्ती दिली आहे. आपण संकट हा अर्थ गमावला आणि दुर्गुण तेवढा ठेवला.

हा केवळ भाषिक कीस नाही. जॉन केली आणि कॅसँड्रा वेस्टरहॉफ यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाचशेहून अधिक मानसोपचार व्यावसायिकांना एकाच रुग्णाचे वर्णन वाचायला दिले होते. काहींच्या कागदावर त्याला ‘गैरवापर करणारा’ म्हटले होते, तर काहींच्या कागदावर ‘सेवनविकार असलेला’. बाकी मजकूर सारखाच असूनही पहिल्या गटाने त्या माणसाला अधिक दोषी मानले आणि शिक्षेकडे अधिक कल दाखवला. हे वाचणारे प्रशिक्षित लोक होते, हे ध्यानात घ्यावे.

निदानाच्या परिभाषेतही असाच बदल झाला. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात १९८० पासून ‘गैरवापर’ आणि ‘अवलंबित्व’ असे दोन कप्पे होते. या कप्प्यांत कुमारवयीन मुले नीट बसत नसत. अवलंबित्वाची एक-दोन लक्षणे असूनही दोन्हींपैकी कोणतेही निदान न होणाऱ्या मुलांना संशोधकांनी ‘निदानाविना पोरकी’ या अर्थाचे नाव दिले होते. (परिभाषेत इतका हळवा शब्द क्वचितच सापडतो.) २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत दोन्ही कप्पे मोडून एकच ‘सेवनविकार’ आला. त्याचे अकरा निकष आहेत. बारा महिन्यांच्या काळात त्यांपैकी दोन किंवा तीन लागू झाले तर सौम्य, चार किंवा पाच असतील तर मध्यम आणि सहा किंवा अधिक असतील तर तीव्र. म्हणून मी ‘सेवनविकार’ सुचवतो आणि त्याआधी तीव्रतेचे विशेषण जोडावे असा आग्रह धरतो.

उत्तर २ : ‘सेवनविकार’ मला मान्य आहे, पण मराठीत ‘विकार’ही निष्पाप नाही. ‘विकारवश’ म्हटले की षड्रिपूच आठवतात. शिवाय सौम्य निकषांतही न बसणाऱ्या मुलाला विकार चिकटवू नये. तेथे ‘सेवन’ किंवा ‘धोकादायक सेवन’ पुरेसे आहे.

मला अधिक खटकतो तो कर्मचाऱ्यांच्या तोंडी असलेला ‘डिनायल’. ‘मुलगा अजून डिनायलमध्ये आहे’ असे म्हणून चर्चा संपवली जाते. वीस वर्षे दारू पिऊन यकृत खराब झालेल्या माणसाच्या बाबतीत त्या शब्दाला काही आधार असतो; त्याचे नुकसान समोर दिसत असते आणि तरीही तो ते नाकारत असतो. सहा महिने गांजा ओढणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला तसे नुकसान अजून आलेले नसेल, तर तो नाकारणार तरी काय? तो बहुधा स्वतःहून आलेलाही नसतो. पालकांनी किंवा शाळेने त्याला आणलेले असते. त्याला ‘न पटणे’ हे साधे क्रियापद लावले की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो : काय पटत नाही? ‘डिनायल’ म्हटल्यावर तो प्रश्न विचारायचे राहून जाते.

उत्तर ३ : ‘क्रेव्हिंग’साठी ‘लालसा’ वापरू नये, तीत हाव आहे. ‘तलफ’ हा नेमका शब्द आपल्याकडे असताना नवा घडवण्याचे कारण नाही. तलफ येते, कोणी ती करत नाही.

प्रश्नकर्ता : तिघांचेही आभार. निदान झालेले असेल तेथे ‘सौम्य सेवनविकार’ अशा पद्धतीने लिहीन; अन्यत्र कोणता पदार्थ, किती आणि केव्हापासून, एवढेच क्रियापदाने सांगेन. ‘डिनायल’ काढतो. ‘क्लीन’ मात्र अजून अडते आहे, कारण लघवीच्या चाचणीत काही न आढळलेला मुलगा ‘क्लीन’ ठरला, तर काही आढळलेल्याला वॉर्डात आपोआप उलट विशेषण मिळते. तूर्त ‘चाचणीत पदार्थ आढळला नाही’ असे लांबलचक लिहिले आहे.