मिनेसोटा: कढीपत्ता, तुळस, मिरचीची रोपं बाहेर कधी काढायची?

गच्चीविना_माळीण (24 एप्रिल)

मंडळी, मिनिआपोलिसजवळच्या उपनगरात हा माझा तिसरा उन्हाळा. गेल्या वर्षी हात पोळलेत, म्हणून यंदा आधी विचारते.

गेल्या एप्रिलमध्ये एका शनिवारी अचानक 74 फॅरनहाइट झालं. शेजारी हाफ पँटमध्ये अंगण झाडतायत, मला राहवेना. पाच महिने दक्षिणेच्या खिडकीत कोंडलेला कढीपत्ता (मैत्रिणीने दिलेला फुटवा, आता कमरेएवढा), तुळस, मोगरा, सगळी वऱ्हाडी मंडळी डेकवर नेऊन बसवली. सांगलीला आईला व्हिडिओवर दाखवलं. ती खूश. "खाऊ दे की गं जरा ऊन!" तिच्या मागे बाबा स्टुलावर चढून स्वतःच्या तुळशीवर हिरवी जाळी बांधत होते. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

सोमवारी कढीपत्त्याची वरची पानं पांढरट, टिश्यू पेपरसारखी. मला वाटलं बुरशी. कडुनिंबाचं तेल फवारलं, तेही भर दुपारी (हसू नका). मंगळवारी रात्री फोन 36 दाखवत होता. गोठतं 32 ला, म्हणजे चार डिग्री हातात आहेत असा हिशेब करून झोपले. सकाळी डेकच्या कठड्यावर पांढरं दंव आणि तुळस काळी, शिजलेल्या पालकासारखी. आईला आठवडाभर सांगितलं नाही.

यंदा पसारा वाढलाय. कढीपत्ता बुडातून परत फुटला. नवी तुळस आहे, मोगरा, जास्वंद, शिवाय मार्चमध्ये दिव्याखाली पेरलेली मिरचीची 14 आणि वांग्याची 6 रोपं. पाकिटावर लिहिलंय 'शेवटच्या फ्रॉस्टनंतर लावा', म्हणजे दंव गोठायचं थांबल्यावर. तो शेवटचा होता हे नंतरच कळणार ना! नर्सरीतला मुलगा म्हणाला, तुमचा झोन बघा. बघितला. पुढे काय? दुपारचा आकडा धरायचा की रात्रीचा? नवरा म्हणतो जूनपर्यंत हात लावू नकोस. मग उन्हाळा उरतो किती?

दहा_हजार_तळी (24 एप्रिल)

इथले जुनेजाणते मदर्स डे म्हणतात, म्हणजे मेचा दुसरा रविवार. त्यांच्यातलेच काही दरवर्षी टोमॅटोची रोपं दोनदा विकत घेतात. मी मेमोरियल डेला, मेच्या शेवटच्या सोमवारी लावतो, एकदाच.

रॉचेस्टरची_काकू (25 एप्रिल)

अगं, ती पांढरी पानं बुरशीची नव्हतीच. ऊन लागलं त्यांना. खिडकीतला उजेड आपल्याला लख्ख वाटतो, पण उघड्यावरच्या उन्हापुढे तो काहीच नाही. त्या उजेडावर आलेलं पान पातळ, कोवळं असतं. ते एकदम दुपारच्या उन्हात गेलं की हरितद्रव्य जळतं, आणि ते पान पुन्हा हिरवं होत नाही. वर तेल फवारून तू फोडणीच दिलीस. आईचं काही चुकलं नाही. सांगलीची तुळस जन्मल्यापासून उन्हात, तुझी पाच महिने काचेआड.

आता 36 चं. फोनवरचा आकडा हवेचा, तोही जमिनीपासून पाच-सहा फुटांवर मोजलेला, आणि बहुधा विमानतळावरचा. आकाश निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला, की जमीन, कठडा, पानं आपली ऊब वर फेकत राहतात आणि भोवतीच्या हवेहून गार होतात. म्हणून 36 ला दंव गोठतं. ढगाळ रात्रीचं 36 इतकं वाईट नसतं. मी झोपण्याआधी दार उघडून चांदण्या बघते. लखलखीत दिसल्या की कुंड्या आत.

झोन विसर. हिवाळ्यात पारा किती खाली जातो तेवढंच तो सांगतो. कायम जमिनीत राहणाऱ्या झाडांसाठी आहे ते, वसंतातली तारीख त्यात नसते. 'सरासरी शेवटचा फ्रॉस्ट' बघशील, तर त्या तारखेनंतरही साधारण निम्म्या वर्षी पडतोच. 2013 मध्ये 1-2 मेला आमच्याकडे फूटभराहून जास्त बर्फ पडलं. 22 वर्षं इथे काढल्यावर कॅलेंडरवर विश्वास उरत नाही.

मी रात्रीचाच आकडा धरते. पुढच्या आठ-दहा रात्री 50 च्या वर दिसल्या की कढीपत्ता, मोगरा, तुळस, जास्वंद मुक्कामाला बाहेर. हे होईतो मे संपत येतो. 40-45 ला कढीपत्ता मरत नाही, पण रुसतो. पानं पिवळी पडून गळतात आणि मग जुलैपर्यंत मनासारखा फुटत नाही.

पण तोवर दार लावून बसायचं असं नाही. सवय आता लावायला घे. दिवसा 60 च्या वर असेल तेव्हा पहिल्या दिवशी तासभर, पूर्ण सावलीत. दुसऱ्या दिवशी दोन तास. चार दिवसांनी सकाळचं कोवळं ऊन, अर्धाच तास. दुपारचं ऊन दहा-बारा दिवसांनी. ढगाळ दिवशी सुरुवात केलीस तर सोन्याहून पिवळं. जोराचा वारा मात्र सुरुवातीला नको, उन्हाइतकाच तोही पानं सुकवतो. माझा कढीपत्ता साडेपाच फूट आहे, त्याला चाकांची फळी केलीय. सकाळी बाहेर, संध्याकाळी आत. आमचे हे त्याला वरात म्हणतात.

मिरची-वांग्यालाही हीच सवय लाव, पण लावायची घाई नको. माती 60 च्या खाली असेल तर रोप नुसतं बसून राहतं. स्वयंपाकघरातली मांसात खुपसायची थर्मामीटरची काडी असते ना, ती सकाळी मातीत खुपसून बघ. (शाकाहारी असलीस तर फक्त त्यासाठी एक घे.) दोडका, कारलं, भेंडी यांना तर मी मृग धरते, 7 जूनच्या आसपास. माझे वडील मृगाला पेरायचे पावसासाठी, मी पेरते उबेसाठी. म्हणजे तुझा नवरा अर्धा बरोबर आहे, पण हे त्याला सांगू नकोस.

मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा आजच पेर. हलका फ्रॉस्ट सोसतात. उलट उशीर केलास तर उकाड्यात कोथिंबीर फुलावर जाते.

इसारकाठचा_बंड्या (25 एप्रिल)

म्युनिकमध्ये यासाठी संतच नेमलेत! आइसहाइलिगे, म्हणजे बर्फाळ संत. पांक्राझ, सेर्वाझ, बोनिफाझ आणि शेवटची 'थंडगार सोफी', 12 ते 15 मे. उत्तर जर्मनीत मामेर्टस धरून 11 पासून मोजतात. सोफी गेल्याशिवाय आमच्या शेजारच्या आजी खिडकीतली फुलझाडं बाहेर काढत नाहीत आणि मला काढू देत नाहीत. गंमत म्हणजे हा ठोकताळा ग्रेगरियन कॅलेंडरच्या आधीचा. आजच्या तारखांत धरला तर आठवडा-दहा दिवस पुढे सरकतो, म्हणजे काकूंच्या मेअखेरीजवळच आला.

टोरांटो_बारावा_मजला (26 एप्रिल)

आमच्याकडे व्हिक्टोरिया डे, 25 मेच्या आधीचा सोमवार. त्या शनिवार-रविवारी नर्सरीत पार्किंग मिळत नाही.

काकूंशी एका बाबतीत थोडा असहमत. बाल्कनीचं गणित वेगळं आहे. गार हवा जड, ती पाण्यासारखी उतारावरून खोलगट जागी साठते. बाराव्या मजल्यावर, भिंतीला लागून, माझ्या तुळशीवर कधी दंव गोठलेलं पाहिलं नाही. मला रडवलं वाऱ्याने. मिरचीची चार रोपं एका दुपारीत देठातून मोडली. माळीणबाई, तुमचा डेक जमिनीलगत आहे का, आणि मागे उतार आहे का?

गच्चीविना_माळीण (26 एप्रिल)

डेक जमिनीपासून जेमतेम दोन फूट, आणि मागे अंगण उतरत तळ्याकडे जातं. म्हणजे गार हवा तळ्याकडे उतरेल, पण जमिनीलगतचा डेक काही सुटत नाही. छान.

काकू, चाकांची फळी आजच आणते. एक राहिलं, रोपं जमिनीत लावल्यावर अचानक गारठा आला तर? ती आत कशी नेणार?

रॉचेस्टरची_काकू (26 एप्रिल)

जुनं सुती पातळ नाहीतर चादर. संध्याकाळी ऊन उतरतानाच घाल आणि कडा जमिनीला टेकव, म्हणजे मातीची ऊब आत राहते. नुसती डोक्यावर टोपी घालून उपयोग नाही. प्लास्टिक पानाला चिकटलं की तेवढं पान जातं, म्हणून ते नको. सकाळी ऊन आलं की काढ.

गच्चीविना_माळीण (19 मे)

खबरबात. वरात 17 दिवस चालू आहे. कढीपत्त्याचं एकही पान पांढरं नाही, तीन नवे शेंडे आलेत. वांग्याचं एक रोप सशाने खाल्लं, ते माझ्या हिशेबात नव्हतं. मेथीची जुडी काढून पराठे झाले.

आज रात्री 39 आहे, वारा पडलाय आणि तळ्यावर चांदण्या दिसतायत. नवरा न सांगता फळी ओढत आत घेऊन आला. मिरच्या अजून ट्रेमध्येच आहेत.

रॉचेस्टरची_काकू (19 मे)

इकडेही तेच. सशासाठी तारेची जाळी लाव, दोन फूट उंच, आणि खालून चार बोटं मातीत पुर.