चेंबरमधल्या ज्युनिअर वकील मुलीला सिनियरकडून त्रास. दाद नेमकी कुठे मागायची? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूची वकिली करते. ओळखीतल्या एका ज्युनिअर मुलीसाठी हा धागा काढतेय. तिला विचारून लिहिलंय आणि ओळख पटेल असं सगळं वगळलंय, त्यामुळे गाव किंवा चेंबर कोणतं ते कृपया विचारू नका.

घरातली ती पहिलीच वकील. सनद मिळाल्यावर एका नावाजलेल्या सिनियरकडे लागली. चेंबर लहान आहे: सिनियर, दोन-तीन ज्युनिअर, टायपिस्ट आणि कारकून. ड्राफ्ट तपासताना खांद्यावर हात ठेवण्यापासून सुरुवात झाली. मग रात्री उशिरा मेसेज येऊ लागले, आधी मॅटरबद्दल, नंतर तिच्या फोटोंबद्दल. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झाल्यापासून तिकडच्या फेऱ्या वाढल्या, त्याही सिनियरच्याच गाडीतून. एकदा मुक्काम करण्याचा आग्रह झाला. तिने ठाम नकार दिला आणि एसटी पकडून घरी आली. तेव्हापासून तिला ब्रीफ, म्हणजे स्वतः चालवायचं प्रकरण, मिळत नाही. फक्त तारीख मागायला पाठवतात आणि अशिलांसमोर पाणउतारा करतात.

"दुसरं चेंबर बघ" असं बार रूममध्ये कुणीही सहज सांगेल. पण आमच्या कोर्टात सगळे सगळ्यांना ओळखतात. सिनियरकडून बाहेर पडलेल्या मुलीला घेण्याआधी पुढचा माणूस त्याच सिनियरला फोन करतो. शिवाय तिला न्यायाधीश व्हायचंय. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली, आणि त्या वकिलीचा दाखला ज्येष्ठ वकिलाकडून घ्यायचा असतो. हा दाखला अडेल या धास्तीने ती गप्प बसली होती. स्टायपेंड रोख मिळतो, तिथे काम करत असल्याचा एकही कागद तिच्याकडे नाही. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेने २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत असं परिपत्रक काढलं होतं. आमच्याकडे त्याच्या निम्मेही कुणी देत नाही. पैशासाठीही सिनियरच्या मर्जीवर राहणारी मुलगी त्याच्याविरुद्ध तोंड कसं उघडणार?

मी शोधलं ते असं. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागते, म्हणजे चेंबरमध्ये ती नसणारच. बार कौन्सिलकडे जावं, तर जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की बार कौन्सिल ही वकिलांची मालक नव्हे, त्यामुळे वकिलाने वकिलाविरुद्ध केलेल्या तक्रारीसाठी या कायद्याखालची समिती नेमण्याचं बंधन तिच्यावर नाही. उरतं ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ३५, व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार. त्यात सनद निलंबितही होऊ शकते, पण त्या मुलीला आज, या आठवड्यात दिलासा कसा मिळणार?

तेव्हा याच कायद्याखाली जिल्ह्यासाठी जी स्थानिक समिती असते, तिच्याकडे कुणी गेलंय का? ज्युनिअर वकिलाची तक्रार ते घेतात का? आणि दुसरं, आमच्या बार असोसिएशनमध्ये काही कायमची व्यवस्था करायची तर सुरुवात कुठून करावी? ही एक मुलगी सुटली तरी तिच्या जागी पुढच्या वर्षी दुसरी येणार, याने मला झोप लागत नाही.

पायवाट:
मी एका जिल्ह्याच्या स्थानिक समितीवर सामाजिक संस्थेची सदस्य म्हणून काम केलंय. हो, तिकडेच जा. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर स्थानिक समितीच. "ती माझी नोकर नाही, स्वतंत्र वकील आहे" हा बचाव नक्की येईल. तेव्हा कायद्यातली कर्मचाऱ्याची व्याख्या पुढे ठेवा: तात्पुरती, शिकाऊ, प्रशिक्षणार्थी, पगार असो वा नसो, सगळ्या त्यात येतात. कामासाठी मालकाने दिलेल्या वाहनातला प्रवासही कामाचं ठिकाणच धरतात, म्हणजे कोल्हापूरची गाडीसुद्धा.

मुदत मात्र सांभाळा. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नका. तक्रार लेखी, सहा प्रतींत, सोबत मेसेजच्या प्रती आणि साक्षीदारांची नावं. जिल्ह्याच्या गावी जाणं अवघड असेल तर तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे द्या, त्याने ती सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. चौकशी चालू असताना तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. पोलिसांचा रस्ता यामुळे बंद होत नाही. भारतीय न्याय संहितेचं लैंगिक छळाच्या गुन्ह्याचं कलम ७५ वेगळं चालतं, तिथे जायचं की नाही हे तिने ठरवावं.

नोकरीचा कागद नाही म्हणून घाबरू नका. वकीलपत्रांवर सिनियरसोबत तिचं नाव असेल, रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, तिची हजेरी असेल. ऑफिसच्या ग्रुपवर "उद्या अमुक मॅटर तू बघ" असे मेसेज असतील. तेवढ्याने काम केल्याचं दिसतं.

जुना काळा कोट:
दाखल्याची धास्ती तिच्या डोक्यातून आधी काढा. त्याच न्यायालयातल्या किमान दहा वर्षं वकिली झालेल्या कोणत्याही वकिलाचा दाखला चालतो, त्यावर तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता लागते. स्वतःच्या सिनियरचाच हवा असं नाही.

असोसिएशनबद्दल: पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेवर २०१२ मध्ये निकाल देताना सुप्रीम कोर्टाने बार कौन्सिल ऑफ इंडियाला सांगितलं होतं की देशातल्या सगळ्या बार असोसिएशन आणि सनदधारक वकील विशाखा मार्गदर्शक तत्त्वं (कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखण्यासाठी सुप्रीम कोर्टानेच आधी घालून दिलेली) पाळतील हे पाहा. खुद्द सुप्रीम कोर्टात २०१३ पासून अशा तक्रारींसाठी स्वतंत्र नियम आणि समिती आहे. ठराव मांडताना हे दोन्ही जोडा. सर्वसाधारण सभेआधी आठ-दहा ज्येष्ठांच्या सह्या घ्या, त्यात पुरुषांच्या हव्यातच. ठरावात गुळमुळीत भाषा नको. तक्रार कुणाकडे द्यायची, समितीवर बाहेरची स्त्री कोण, किती दिवसांत उत्तर, हे लिहा.

माझ्या चेंबरमध्ये मी स्टायपेंड बँकेतून देतो. बाहेरगावी एकट्या ज्युनिअरला नेत नाही आणि मुक्काम असेल तर तिची सोय वेगळ्या ठिकाणी करतो. रात्री काही सांगायचं असेल तर ऑफिसच्या ग्रुपवर सांगतो. याला खर्च फारसा येत नाही. सिनियर लोक करत नाहीत कारण त्यांना कुणी विचारत नाही.

शांतिप्रिय:
प्रकरण वाढवण्याआधी एखाद्या वडीलधाऱ्या वकिलाकडून समज देऊन बघा. मुलीच्या करिअरचा प्रश्न आहे.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. पायवाट ताई, वकीलपत्राचं मला सुचलंच नव्हतं. काल आम्ही बसून तिच्या नावाच्या वकीलपत्रांची यादी केली, मेसेज तारखेनिशी काढून ठेवले. दाखल्याचं कळल्यावर ती बऱ्याच दिवसांनी मोकळं बोलली. दाखला मी देईन असं तिला सांगितलंय.

शांतिप्रिय, तुमचा हेतू चांगला असेल, पण हे मला मान्य नाही. समेट कायद्यातही आहे, तो मुलीने स्वतः मागितला तरच, आणि पैसे घेऊन तोही करता येत नाही. तिने मागितलेला नाही. समज द्यायला जाणारा वडीलधारा माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे तिचं नाव चार जणांना सांगतो. इंटरनॅशनल बार असोसिएशनने २०१९ मध्ये १३५ देशांतल्या जवळपास ७ हजार जणांना विचारलं होतं. या व्यवसायातल्या दर तीन स्त्रियांत एकीने लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं आणि चारांतल्या तीन प्रसंगांत तक्रारच झाली नव्हती. करिअरची भीती घालून गप्प बसवणं जगभर चालतं, आपण तरी त्यात भर घालू नये.

तक्रार याच आठवड्यात देतोय. आता एक अडचण आहे, त्यावर अनुभव हवाय. समितीसमोर कोणत्याच पक्षाला वकील आणता येत नाही, म्हणजे मी तिच्या बाजूने बोलू शकणार नाही. समोरचा माणूस मात्र स्वतःच वकील आहे, उलटतपासणीत मुरलेला. तो तिला थेट प्रश्न विचारायला लागला तर? प्रश्न लेखी घेऊन समितीमार्फत विचारावेत, दोघांना समोरासमोर बसवू नये, असा अर्ज तक्रारीसोबतच द्यावा की पहिल्या तारखेला? कुणी असा अर्ज दिला असेल आणि मसुदा दाखवू शकत असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा.