नेबरहूड कौन्सिलच्या सदस्यांनी व्हॉट्सअ‍ॅप गटावर चर्चा करणे कायद्यात बसते का?

निशिगंध :
लॉस एंजेलिसमधील आमच्या भागाच्या नेबरहूड कौन्सिलवर, म्हणजे शहराला सल्ला देणाऱ्या रहिवाशांच्या मंडळावर, मी नुकतीच निवडून आले असून अद्याप पदभार घेतलेला नाही. सदस्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मला आधीच घेण्यात आले आहे आणि पुढील बैठकीतील एका गृहप्रकल्पावर कोण कोणत्या बाजूने मत देणार, याची तेथे विचारणा चालू आहे. आमचे पद बिनपगारी आहे आणि आमचे ठराव सिटी कौन्सिलकडे केवळ सल्ला म्हणून जातात; तरीही ब्राऊन कायदा, म्हणजे सार्वजनिक मंडळांच्या बैठका लोकांसाठी खुल्या ठेवण्याचा कॅलिफोर्नियाचा कायदा, आम्हाला लागू होतो का? शिवाय येथील मराठी मंडळाने आमच्याकडे अनुदान मागितले आहे आणि माझे पती त्या मंडळाचे खजिनदार आहेत.

सह्यकडा :
होय, पूर्णपणे लागू होतो. 1999 साली मतदारांनी मंजूर केलेल्या शहराच्या सनदेतून या कौन्सिल निर्माण झाल्या आणि 1953 चा ब्राऊन कायदा अशा सल्लागार मंडळांनाही बांधतो. निवडून आलेल्या, पण पदभार न घेतलेल्या व्यक्तीलाही तो लागू आहे. बहुसंख्य सदस्यांनी कौन्सिलच्या कक्षेतील विषयावर बैठकीबाहेर चर्चा करता कामा नये, मग ती एकत्र बसून होवो, एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला फोन करून होवो, वा गटावरील संदेशांतून होवो. नियमित बैठकीची विषयपत्रिका 72 तास आणि विशेष बैठकीची 24 तास आधी लावावी लागते, ती प्रकल्पाशेजारी राहणाऱ्या माणसाला येऊन आपले म्हणणे मांडता यावे म्हणून. मते आधीच मोजून झाली असतील, तर त्याला बोलायला बोलावणे ही त्याची फसवणूक आहे, असे मी मानतो. त्या विचारणेला उत्तर देऊ नका आणि ती थांबवण्यास अध्यक्षांना सांगा.

पाणपोई :
बैठकीची वेळ ठरवण्यापुरता गट ठेवायला हरकत नाही. मात्र जुने संदेश कोणी पुसू नयेत. सार्वजनिक कामाविषयीचा मजकूर खाजगी फोनवर किंवा खात्यात असला, तरी तो सार्वजनिक अभिलेख ठरू शकतो, असे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सॅन होजेच्या खटल्यात सांगितले आहे. खुल्या समाजमाध्यमांवरही जपून राहा: 2021 पासून कौन्सिलच्या विषयावरील सहकारी सदस्याच्या नोंदीला थेट प्रतिसाद देण्यास मनाई आहे, आणि त्यात अंगठ्याचे चिन्हही येते.

मोगरा :
अनुदानाचा प्रश्न मला अधिक नाजूक वाटतो. खजिनदारपद मानद आहे की त्यासाठी वेतन मिळते, यावर बरेच अवलंबून आहे, कारण पतीचे उत्पन्न हा तुमचाही आर्थिक हितसंबंध मानला जातो. कॅलिफोर्नियाच्या शासकीय संहितेच्या 1090 व्या कलमाखाली काही हितसंबंध असे असतात की संबंधित सदस्य दूर राहिला, तरी संपूर्ण कौन्सिललाच अनुदानाचा तो करार करता येत नाही. म्हणून हा अर्ज विषयपत्रिकेवर येण्यापूर्वीच शहराच्या वकील कार्यालयाला सर्व तपशील देऊन लेखी सल्ला मागा. तोपर्यंत या अर्जाविषयी कोणत्याही सदस्याशी एक शब्दही बोलू नका, आणि दूर राहण्याचा सल्ला मिळाल्यास बैठकीत कारण जाहीर करून चर्चा व मतदान संपेपर्यंत सभागृहाबाहेर थांबा.