सहल परत गोकाकलाच? सातवीच्या पोरांना रान दाखवायचंय, सुचवा की

खानापूरची_बाई:
नमस्कार मंडळी. आमची मराठी शाळा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, सातवीला ३१ पोरं. दरवर्षी सहल ठरलेली, गोकाकचा धबधबा, भुतरामनहट्टीचं झू, वाटेत एक देऊळ, रात्री परत आणि दुसऱ्या दिवशी 'माझी सहल' निबंध. गेल्या वर्षीचे निबंध तपासले तर निम्म्या पोरांचं सगळं बसमधली गाणी आणि कुणाला उलटी झाली यावर, धबधब्याला अडीच ओळी. यंदा डिसेंबरात काहीतरी वेगळं करायचं डोक्यात आहे. मीटिंगला एसडीएमसीतले (शाळेच्या समितीवरचे) पालक म्हणायलेत, "बाई, रान काय दाखवताय, पोरं रोज रानातनंच शाळेला येतात की." आता यावर काय बोलायचं, खरंच आहे ते! भीमगडला नेऊ का? परवानगी कुणाकडं मागायची? माणशी २०० च्या वर कुणी देणार नाही, हेही आधीच सांगते.

जुना_मास्तर:
बाई, भीमगड नको. म्हणजे जंगल झकास आहे, पण ते २०११ पासून अभयारण्य, जवळजवळ १९० चौरस किमी, आत पाऊल टाकायचं तर आधी वनखात्याच्या रेंज ऑफिसात लेखी अर्ज, मग हेलपाटे. आणि कुणीतरी हमखास म्हणणार की तिथल्या बारापेडेच्या गुहा दाखवूया. तिथली राऊटनची वटवाघळं जगात मोजक्याच ठिकाणी सापडतात, ३१ पोरं टॉर्च घेऊन आत आरडाओरडा करत गेली तर त्यांचं काय होईल ते सांगायला नको.
त्यापेक्षा कणकुंबीला जावा. जांबोटीवरनं सरळ रस्ता. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगवते, ती पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते, म्हणजे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. आणि त्याच गावाच्या शिवारात कळसा नाला, तो म्हादईला मिळून गोव्यात पणजीपाशी अरबी समुद्रात. (त्या पाण्याचं राज्याराज्यांतलं भांडण इथं काढू नका, धागा लॉक होईल.) पोरांना नकाशा द्या, पाणी कुठल्या अंगाला उतरतंय ते त्यांनाच चालून शोधू द्या, तुम्ही आधी सांगू नका. एक अख्खा तास जाईल, जाऊ दे.
आणि पालकांचं म्हणाल तर एकदा मी पोरांना कारवी दाखवत होतो, ही सात-आठ वर्षांनी एकदा फुलते वगैरे पुस्तकातलं चालू होतं, तेवढ्यात मागनं एक पोरगा बोलला, "सर, ही आमच्या घराची भिंत." त्यांच्यात कारवीच्या काठ्यांचा कूड बांधून वरनं शेणमातीनं लिंपतात. मग पुढचा अर्धा तास त्यानं शिकवलं, काठी कधी तोडायची, कुठली किडते, मी खाली बसून ऐकलं. पोरं रानातनंच येतात हे बरोबर आहे, पण त्यांना ठाऊक असलेलं शाळेत कुणी विचारत नाही की ओ.
अजून एक. सुतळीचा एक मीटरचा चौकोन जमिनीवर टाकायचा आणि तेवढ्यात काय काय आहे ते २० मिनिटं बघून लिहायचं. मुंग्या, शेवाळ, विष्ठा, सगळं. फिरायचं कमी, बसायचं जास्त.

दुर्बीणवाला_घटप्रभा:
मास्तरांशी सहमत, पण पक्षी बघायचे तर आमच्याकडं धुपदाळला या. घटप्रभेच्या बंधाऱ्याचं पाणी पसरलेलं असतं, थंडीत कांड्या करकोचे येतात, मध्य आशियातनं हिमालय ओलांडून. खानापूरवरनं घटप्रभा स्टेशनापर्यंत रेल्वेनं या, बसपेक्षा स्वस्त पडेल, वेळापत्रक तेवढं बघून घ्या. दुर्बीण एकच असली तरी चालते, पण लाइन लावू नका, लाइनीत भांडणं होतात, चार-चार जणांना हाक मारा. आणि लाल-पिवळी टीशर्ट नकोत, आमच्याकडं एकदा एक शाळा भडक युनिफॉर्ममध्ये शिट्ट्या वाजवत आली, पाखरं गेली पार पलीकडच्या काठाला.

टेम्पोवाला_दादा:
मी सहलींच्या गाड्या चालवतो म्हणून सांगतो. एका किल्ल्यावर एका शाळेच्या पोरांनी सेंट मारून आल्यावर आग्या मोहोळ उठलं होतं, खाली पळताना दोघं घसरले, एकाच्या हाताला प्लास्टर. मोहोळ बघून लांब राहायचं, सेंट मारायचं नाही, धूर करायचा नाही, दगड तर नाहीच नाही. ५० पोरांमागं दोन शिक्षक असला प्रकार करू नका. १० पोरांमागं एक मोठं माणूस पाहिजेच.
आणि पाण्यात उतरू देऊ नका बाई, नुसतं बघायला आलोय म्हणायचं.

खानापूरची_बाई:
थँक्यू सगळ्यांना. कणकुंबी फायनल करते, धुपदाळ पुढच्या वर्षी. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला अर्ज सोमवारी, तिथं शिक्का मारणाऱ्याची सुट्टी नसली म्हणजे मिळवलं. मास्तर, हिशोब असा करते, ५ जणांचा एक गट धरला तर ६ चौकोन, एकाला ४ मीटर म्हणजे २४ मीटर सुतळी, आणि उरलेला एक पोरगा? त्याला वही धरायला देऊ का?

जुना_मास्तर:
त्याला घड्याळ द्या. आणि सुतळी ३० घ्या, गाठी मारण्यातच दोन-तीन मीटर जाते.