स्पॉटबग्जनं == वर 43 वॉर्निंगा काढल्यात, सरसकट इक्वल्स करू का?

पट्टीवाला: लातूरला आडतीवाल्यांसाठी पट्टीचं (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या बिलाचं) सॉफ्टवेअर करायलोय, जावात. परवा स्पॉटबग्ज (जावा कोडमधल्या चुका हुडकणारं टूल) लावलं तर 43 वॉर्निंगा, बहुतेक लाँगचे (पूर्णांकाचा प्रकार) दोन ऑब्जेक्ट == नं तपासल्याच्या. पण आमच्या टेस्टा सगळ्या पास आहेत बगा. एकच त्रास आहे, सोयाबीनची आवक वाढली की दुपारनंतरच्या पट्ट्या काट्याच्या नोंदीशी जुळतच नाहीत, मुनीम म्हणतो दुपारी सर्व्हर तापतो, आम्ही रॅमबी वाढवून बसलो 😅

मांजराकाठ: पट्टी नंबर रोज 1 पासून सुरू होतो का? मग तिथंच घोळ आहे. मोठ्या एलवाल्या लाँगचे -128 ते 127 पर्यंतचे ऑब्जेक्ट जावा आधीच करून ठेवतं अन् व्हॅल्यू बॉक्स होताना (साधा आकडा ऑब्जेक्टमधे गुंडाळताना) तेच परत देतं, म्हणून 127 पर्यंत == बरोबर निघतं. 128 पासून दरवेळी नवा ऑब्जेक्ट, आकडा तोच पण == म्हणतं हे दोघं वेगळे. टेस्टमधे 1, 2, 3 असेच नंबर टाकले असतील तुम्ही. ऑब्जेक्ट्स डॉट इक्वल्स वापरा, ते आतला आकडा तपासतं, जावा 7 पासून आहे, नल (रिकामी व्हॅल्यू) आलं तरी फुटत नाही.

जालनारोड: थांबा, सरसकट फाइंड-रिप्लेस करू नका, मी हात भाजून घेतलाय. लाँग == 0 लिहिलेलं असेल तर ते बरोबर चालतं, कारण तिथं आकडाच तपासला जातो (नल नसला म्हणजे झालं). तिथं इक्वल्स(0) केलं की तो 0 इंटिजर (लाँगपेक्षा वेगळा प्रकार) होऊन जातो अन् उत्तर कायम फॉल्स, कंपायलर चूं करत नाही. एनमचं (ठरलेल्या नावांच्या यादीचा प्रकार) == पण तसंच राहू द्या.

गोदाकाठचा: अन् भाव बिगडेसिमलमधे (दशांश आकड्यांचा जावातला प्रकार) असेल तर इक्वल्सबी फसवतं, 4500.0 आणि 4500.00 त्याला वेगळे वाटतात. कंपेअरटू करून 0 येतंय का बघायचं.

पट्टीवाला: रोज 1 पासूनच आहे हो! टेस्टमधे 128 टाकला अन् लगेच फेल. आणि जालनारोड भाऊ, ते इक्वल्स(0) मी कालच तीन ठिकाणी करून बसलो होतो, आता परत फिरवायलोय. मुनीमाला रॅमचं काय सांगावं तेवढं सुचवा.