मदत हवी आहे: नाल्याच्या पाण्यातला गाळ कसा मोजायचा?

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला आमच्या घरामागच्या नाल्यात वळवाचं पाणी 15 मिनिटांत चहासारखं लाल होऊन येतं. चढताना गढूळ, ओसरताना त्याच पातळीला बरंच निवळ. रस्त्यावरची, बांधकामांची सुटी माती पहिल्या लोंढ्यातच निघून जात असावी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी बाटल्या भरल्यात. वाळू लगेच तळाला बसली, पण 2 मायक्रॉनहून बारीक चिकणमाती 3 दिवस झाले तरी तरंगतेच आहे. (आईने बाटल्या फ्रिजमधून हाकलल्या, ते वेगळंच.) गाळून 105 अंशांवर वाळवून वजन करायचं, एवढं ठाऊक आहे. साधा फिल्टर पेपर चालेल की काचतंतूंचाच हवा? लोंढ्यात नमुने किती मिनिटांनी घ्यावेत? पुलावरून दोरीला बादली बांधून घेतले तर तळालगतची वाळू सुटेल ना?